चौथी जागा

चार जागा. एवढंच देतो हा खेळ.
प्राणी शिकू शकतो साठ गोष्टी,
मैदानात न्यायच्या चारच.

दिवाळे गावात आमच्या माळ्यावर बसून
तीन रात्री मी ही यादी खोडतोय
वहीच्या मागच्या पानावर.
(पुढच्या पानांवर डिप्लोमा आहे, तो तिथंच राहू दे.)

माझा प्राणी अगदी खाडीतल्या निवटीसारखा.
डोळे कपाळाच्याही वर, पोट चिखलाला,
अंगावर निळे ठिपके.
खेळातलं नाव लांबलचक आहे,
मी निवट्याच म्हणतो.

पहिली जागा ठरलेली. गाळझोत.
ताकद ऐंशी, नेम शंभर,
शिवाय जातीचाच वार, म्हणून दीडपट लागतो.

दुसरी हिमडंखाला, उडणाऱ्यांसाठी.
उडणाऱ्याला गाळ लागत नाही
हे मला खेळानं सांगायची गरज नव्हती;
रोहित पक्षी गुडघाभर चिखलात दिवस काढतात
आणि उठतात ते गुलाबीच.

तिसऱ्या जागेवर महिनाभर महापूर होता.
ताकद एकशे वीस. पडदा हलतो, आवाज घुमतो,
बघणारे खुर्चीतून उठतात.
नेम सत्तर.
सत्तर म्हणजे दहात सात, असं आपण वाचतो,
खेळताना उरलेले तीनच भेटतात.

वाशीला सेक्टर सतरात, झेरॉक्सवाल्याच्या वरच्या खोलीत
सबनीसांसमोर तो सलग दोनदा हुकला.
सबनीस बँकेतून निवृत्त,
गळ्यात दोरीचा चष्मा, डब्यात थालीपीठ.
मला अर्धं देत म्हणाले,
"चेक वटू दे रे आधी, मग पैसे मोज."

महापूर खोडला. त्या जागी बिळात बसणं लिहिलं,
एक फेरी काही न करता श्वास भरून घ्यायचा.
राहिली चौथी.

सबनीसांचं लोखंडी कासव गाळाला भितं.
पण गाळझोत येणार असं दिसलं
की कासव आत, गरुड बाहेर.
दर वेळी. मी चिखल फेकतो
आणि तो आभाळाला लागतो.
चौथ्या जागेवर मी एकेक वार मांडत गेलो,
सगळे जोराचे, सगळे एकसारखे.

रविवारी ओहोटीला काकीबरोबर खाडीत गेलो, टोपली धरायला.
तिनं एका बिळावर टाच रोवली
आणि हातभर लांबच्या दुसऱ्या बिळात
कोपरापर्यंत हात घातला.
"निवटीच्या घराला दोन दारं असतान," ती म्हणाली,
"एक बंद केल्याबिगर दुसऱ्यात हात नाय घालाचा."
मी टोपली घेऊन उभा, पोटरीपर्यंत चिखलात,
आणि एकदम हसलो.
"कला हसतंस?"
काय सांगणार?

दलदल. ताकद शून्य.
कुणाला काही लागत नाही,
फक्त समोरच्याला मैदान सोडता येत नाही.
ही मी पहिल्याच रात्री खोडली होती.

पुढच्या रविवारी कासव उतरलं.
मी दलदल टाकली.
सबनीसांनी बदलीचं बटण दाबलं, परत दाबलं,
चष्मा काढला, पुसला,
आणि माझ्याकडे असं पाहिलं
जसं काउंटरवरून खोट्या सहीकडे पाहिलं असेल.
मी गाळझोत निवडला.

त्यांच्या चौथ्या जागेवर काय असेल
याचा विचारच मी केला नव्हता.
स्फोट.
माझा गाळ हवेतच राहिला.
कासव गेलं, निवट्याही गेला,
दोन्हीकडे शेवटचाच होता.
खोलीत कुणी बोलेना. मग ते म्हणाले,
"सहा वर्षं ठेवलाय तो. आज लागला."
आणि डबा उघडला.

घरी आलो तेव्हा काकी मोरीपाशी
निवट्या राखेत घोळवत होती;
राखेशिवाय हातात ठरत नाहीत त्या.
एक तरीही सुटली.
शेपटीवर उभी राहून उडाली, बादलीला आपटली,
नळाच्या पाइपावर चढून बसली
आणि डोळे वर काढून
आम्हा दोघांकडे पाहत राहिली.

साठांच्या यादीत हे नव्हतं.